माडीवरची कुजबुज

आमच्या घरात हळू बोलणं कुणाला येतच नव्हतं. भिवंडीतल्या आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून बाबांची पत्र्याची शेड होती आणि तिच्यात कापड विणायचे चार लूम. सकाळी चहाच्या आधी जी खटाखट सुरू व्हायची ती दिवेलागणीपर्यंत. फळीवरची भांडी दिवसभर एकमेकांवर वाजत असायची, पाण्याच्या हंड्यात सतत गोल गोल रेघा उठायच्या आणि शेवग्याची आमटी ताटात वाढली की ती स्वतःहून हलायची. त्या आवाजावरून बोलायचं म्हणजे ओरडायलाच लागायचं. "मीठ दे" हेही आम्ही घराला आग लागल्यासारखं सांगायचो. एकदा गणेशपुरीहून आलेले पाहुणे आमच्या दारातूनच परत गेले, आत मारामारी चालली आहे असं त्यांना वाटलं. आत आय फक्त बाबांना विचारत होती, भाकरी गरम करू का.

शेडच्या आत मात्र ओरडूनही उपयोग नसायचा. तिथं तोंड दाखवून बोलायचं. समोरच्याच्या नजरेला नजर लावायची, ओठ नीट हलवायचे, आवाज काढायचाच नाही. धागा तुटला, कांडीवरचं सूत संपलं, जेवायला चल, तुझा बाप येतोय, सगळं ओठांवर. आमचा उत्तरेकडचा कारागीर त्याच्या भाषेत ओठ हलवायचा, आम्ही आमच्या, आणि कुणाचंही काही अडायचं नाही. मी आणि माझी मोठी बहीण इंदूताई तर यात पटाईत. शेजारच्या बायका येऊन आयशी बोलत बसल्या की आम्ही दोघी समोरासमोर बसून त्यांच्या नथीपासून त्यांच्या सुनांपर्यंत सगळ्यांचा समाचार घ्यायचो, बिनआवाजाचा. आयला दिसू नये म्हणून तेवढं तिच्याकडे पाठ करून बसायचं, कारण तिलाही वाचता यायचं.

या तोंड दाखवून बोलण्यामुळेच एक गोष्ट फार उशिरा आमच्या लक्षात आली. इंदूताईला कमी ऐकू यायचं. एक कान लहानपणीच फुटला होता आणि दुसरा लूमनं खाल्ला. सहा-सात वर्षांची असल्यापासून ती शेडमध्ये कांड्या भरायला बसायची. ती आमच्याकडे बघून बोलायची, आम्ही तिच्याकडे बघून बोलायचो, कळणार कसं? तिला तरी कुठं कळलं होतं! सगळ्या जगाला एवढंच ऐकू येतं अशी तिची समजूत होती. कळलं ते तिचं पहिलं स्थळ आलं तेव्हा. चहा देऊन ती वळली, मुलाच्या आत्यानं पाठीमागून नाव विचारलं, दोनदा विचारलं, तिनं मागं बघितलंसुद्धा नाही. ते स्थळ गेलं. दुसऱ्या स्थळाला कुणीतरी आधीच सांगितलं, ते आलेच नाहीत. "बहिरी" हा शब्द तेव्हापासून आमच्या गल्लीत फिरायला लागला. तो नेमका तिच्या पाठीमागे बोलला जायचा, म्हणजे तिला ऐकू येणार नाही तिथे. मला मात्र सगळा ऐकू यायचा. मी तेरा वर्षांची होते आणि त्या शब्दापायी दोन पोरींना चावले आहे. आज सत्तरीला आल्यावर सांगते, त्याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही.

मग पारूआत्यानं रेवदंड्याचं स्थळ आणलं. पारूआत्या म्हणजे बाबांची बहीण, चौलला दिलेली, रेवदंड्याच्या शेजारीच. मुलगा वसंत म्हात्रे, लाकडी होड्या बांधायच्या कामात, निर्व्यसनी, आपल्यातलाच. रीतीप्रमाणे त्यांनी आमच्याकडे यायला हवं होतं, पण मुलाचे वडील धर्माकाका ओट्याच्या पायरीवरून पडले होते आणि त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता. "तुमीच या," आत्यानं निरोप धाडला, "किल्ला बघायला म्हणून या. जमलं तर जमलं, न्हाय जमलं तर किल्ला बघून झाला." आयला हे फार पसंत पडलं. गल्लीत सांगायला बरं. शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात, म्हणून शुक्रवार ठरला, आणि गुरुवारी संध्याकाळपर्यंत आयनं एवढ्या जणींना "आम्ही सहज किल्ला बघायला चाललोय" म्हणून सांगितलं की कोपऱ्यावरचा पानवालासुद्धा बाबांना म्हणाला, "शेठ, लडका क्या करता है?"

तीन एसट्या बदलून आम्ही गेलो. बाबा नवीन धोतरात, आय जरीच्या लुगड्यात, ताई निळ्या साडीत, आणि माझ्या मांडीवर धपाटे आणि सुक्या जवळ्याची चटणी. जवळ्याच्या वासानं पुढच्या बाकावरच्या बाई दोनदा मागं वळून बघायला लागल्या, तेव्हा आयनं त्यांनाही एक धपाटा दिला आणि किल्ला बघायला चाललोय म्हणून सांगितलं. वाटेभर आय मला पढवत होती. मी ताईच्या समोर बसायचं. कुणी काही विचारलं की मी ते लगेच ओठांनी ताईला सांगायचं, ताई उत्तर देणार. "शेडमधी करतेस तसंच. फकस्त हसायचं न्हाय," आय म्हणाली. ताई खिडकीतून बाहेर बघत होती. तिनं मान वळवली ती फक्त एकदाच, समुद्र दिसला तेव्हा. खाडी आम्ही रोज बघायचो. पण काठ नसलेलं पाणी दोघींनीही आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. ताईनं माझा हात एवढा घट्ट धरला की बांगडी रुतली, आणि ओठ हलवले, "शके, पलीकडं कायच न्हाय गो!"

रेवदंड्यात उतरल्यावर आमचं पहिलं काम काय झालं असेल तर आम्ही घाबरलो. शांतता! तिथं काही वाजतच नव्हतं. नारळाच्या झावळ्या जरा सळसळायच्या, कुठंतरी एक सायकलची घंटी, बस्स. दोन्ही बाजूंना माड-सुपारीच्या वाड्या, मधून जुन्या तटाचा काळा दगड डोकावतोय, आणि रस्त्याला लागून एकेक लाकडी घर. पुढं पडवी, वर माडी, माडीला कोरीव कठडा, आणि कठड्यावर वाळत घातलेली लुगडी. "यांचे लूम कुठायत?" असं मी विचारलं आणि रस्त्यापलीकडच्या म्हाताऱ्यानं मला उत्तर दिलं, "हितं लूम न्हाईत पोरी." एवढ्यावरून तरी आम्हाला शहाणपण यायला हवं होतं.

म्हात्र्यांचं घर वसंतच्या आजोबांनी बांधलेलं. ते गलबतं बांधायचे, त्यामुळे घरही त्यांनी गलबतासारखंच बांधलं, एकही लोखंडी खिळा नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. बाबा नमस्कार-चमत्कार सोडून खांबच चाचपत राहिले. चारचौघांत त्यांनी सागवानी तुळईचा वास घेतला, तेव्हा आयनं त्यांना चिमटा काढला. धर्माकाका पडवीत आरामखुर्चीत बसले होते, पाय स्टुलावर, डोकं उघडं, आणि ते डोकं म्हणजे घासूनपुसून ठेवलेली कळशी. वसंत कोपऱ्यात उभा होता. उंच, सावळा, गालातल्या गालात हसणारा, आणि कान! असे कान मी आजवर माणसाला बघितले नव्हते. उजेड पाठीमागून आला की लाल दिसायचे. त्याची आई, हिराकाकू, लगबगीनं आली आणि तिनं आमच्यापुढे पोह्याच्या बश्या ठेवल्या. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. "घाईघाईत केलेत हो, गोड मानून घ्या," काकू म्हणाली. गोड मानून घेणं फारच अवघड होतं. पहिल्या घासाला बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं मीठ मी त्याआधी फक्त कैरीच्या बरणीत बघितलं होतं. पण आम्ही सगळे मुकाट्यानं खात राहिलो, आणि आयनं तर "झकास झालेत" म्हणून वर आणखी चमचाभर मागून घेतले.

मग काकू म्हणाली, "वर माडीवर जरा पाठ टेका, लांबून आलात." चौलहून आधीच येऊन बसलेली पारूआत्या खालीच थांबली. आम्ही चौघं उभ्या जिन्यानं वर गेलो. आयनं दार लावलं, कडी घातली, खिडकीतून वाकून खाली अंगणात कुणी नाही ना ते बघितलं, आणि मग ती कुजबुजायला लागली.

आता आयची कुजबुज म्हणजे काय ते सांगायला हवं. चार लूम चालू असताना, फक्त आपल्याच माणसाला ऐकू जावं एवढ्या बेतानं जे बोलायचं, त्याला आमच्या घरी कुजबुज म्हणत. तिला दुसरी कुजबुज माहीतच नव्हती. आणि आमचं घर जमिनीवरचं, वर पत्रा. कुणाच्या डोक्यावर आम्ही जन्मात कधी बसलो नव्हतो. पायाखालच्या फळ्यांमध्ये बोटबोट फट होती आणि त्या फटीतून खालच्या देवघरातला दिवा मला दिसतही होता. दिसत होता हो! किती छान दिसतोय म्हणून मी तो बघत बसले.

"शके, तू नीट ध्यानात ठेव," आय म्हणाली. "इंदीला कमी ऐकू येतं ह्ये या घरात कुणाला कळता कामा न्हाय. एकदा अक्षता पडल्या की मग कळू दे. तोवर तू तिच्या समोरून हलायचं न्हाय."

"आये, मी लपवनार न्हाय," ताई म्हणाली. ताईचा आवाज तर आयच्याही वर, तिला स्वतःचा ऐकूच यायचा नाही ना. "त्यांना सांगायचं. न्हाय पटलं तर जाऊ परत."

"परत जाऊ म्हनं! दोनदा गेलं तेवढं पुरे न्हाय का? तुला माझी शपथ हाय इंदे. तुझ्या तोंडातून शब्द काढशील तर माझं मेलेलं तोंड बघशील."

ताई पदराचं टोक पिळत बसली. तिचे डोळे भरून आले आणि मला आयचा भयंकर राग आला. वातावरण जरा हलकं करावं म्हणून मी म्हणाले, "नवऱ्याचे कान बगितलेस का ताई? केवढे हायेत! त्यातला एक तुला दिला तरी त्याला पुरून उरंल."

यावर ताई फस्सकन हसली, आयही हसली आणि मग आम्हाला आवरेना. आय म्हणाली, म्हाताऱ्याच्या टकलात मना माझं कुंकू नीट करता आलं असतं. मी म्हणाले, पोह्यांत मिठाची गोणी फाटली वाटतं. आय म्हणाली, बाई चांगली वाटते, पण हाताला चव न्हाय बिचारीच्या, आपली इंदी शिकवंल तिला. बाबा मधूनमधून "अगं हळू बोला, हळू!" म्हणून ओरडत होते. ते ओरडणं एवढं मोठं होतं की वाडीतला कावळा उडाला.

आम्ही तोंडं पुसून खाली उतरलो तेव्हा सगळं कसं छान चाललं होतं. धर्माकाकांनी डोक्यावर पांढरी टोपी घातली होती. उन्हामुळे घातली असेल असं मला वाटलं, सावलीत बसलेल्या माणसाला ऊन कुठलं ते काही मला सुचलं नाही. पारूआत्या पदराचा बोळा तोंडात धरून बसली होती, ती दाढ दुखत असेल म्हणून. वसंत खांबाकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. हिराकाकूचा चेहरा मात्र उतरला होता. तिनं चहाचे कप ठेवले आणि कुणाकडे न बघता आत गेली.

मी ताईच्या समोर जागा पकडली. धर्माकाकांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि काय सांगू, माझं काम एवढं सोपं झालं! ते ताईकडे थेट बघून, तोंड अगदी मोठं उघडून, एकेक शब्द सुटा सुटा विचारत होते. "तु-झं नाव का-य, पो-री?" ताई पटापट उत्तरं देत होती. स्वयंपाक येतो का, येतो. मासे करता येतात का, खाडीकाठची हाय, येणारच. मला ओठ हलवायची वेळच आली नाही. रेवदंड्याचे लोक असंच बोलत असतील, समुद्राकाठी राहिल्यामुळे, अशी मी माझी समजूत घातली. आयनं माझ्याकडे बघून विजयी मान हलवली आणि आम्ही जिंकलोच असं मला वाटलं. मला पंख फुटायचे तेवढे बाकी राहिले होते.

जेवणाला अवकाश होता. धर्माकाका म्हणाले, "किल्ला बघायला आलात ना? वसंता, पोरींना तटावरनं दर्यापातुर फिरवून आण." म्हणून आम्ही तिघं निघालो, मी अर्थात पहाऱ्याला.

तटाच्या कडेकडेनं वाट जाते. एका बाजूला वाड्या, दुसऱ्या बाजूला पडकी भिंत, तिच्यातून उगवलेली वडाची झाडं, आणि भगदाडातून एकदम पुढ्यात काळी वाळू आणि समुद्र. वारा असा की माझ्या वेण्या आडव्या झाल्या. लाटांचा आवाज, सुरूच्या झाडांचा आवाज, आमच्या शेडएवढा दणका. मला तर घरी आल्यासारखं वाटलं. पण वसंत पुढं चालत होता आणि पुढं बघूनच बोलत होता. हा बुरूज, ती खाडी, पलीकडं कोर्लईचा किल्ला. ताईला त्याची फक्त पाठ दिसत होती. मग माझी जी धावपळ सुरू झाली! मी पळत पुढं जायची, त्याचं वाक्य ऐकायची, पळत मागं यायची, ताईला ओठांनी सांगायची, ताई काही म्हणाली की परत पुढं. वाळूत पाय रुतताहेत, चप्पल एक हातात, एक पायात. पाचव्या-सहाव्या फेरीला मी तोंडावर आपटले. नाकातोंडात काळी वाळू.

ताईनं मला उठवलं. माझं नाक पदरानं पुसलं. मग ती तशीच ताठ उभी राहिली आणि तिनं हाक मारली, "अवो! थांबा!"

ती हाक चार लूमवरची होती. वसंत थांबलाच, पण लांबवर जाळी सुकवत बसलेल्या दोन कोळणीही उठून उभ्या राहिल्या.

"इकडं तोंड करा," ताई म्हणाली. "माझ्याकडं बगून बोला. मना कमी ऐकू येतं. ह्या कानानं कायच न्हाय, ह्या कानानं थोडं. आयनं शपथ घातली हाय सांगू नको म्हनून, पन माझी बहीण अशी आपटून आपटून मेली तर शपथेचं काय लोणचं घालू? न्हाय म्हनायचं असंल तर हितंच म्हना. जेवून मग न्हाय म्हनू नका."

मी वाळू थुंकत उभी होते आणि मनात म्हणत होते, संपलं, तिसरंही गेलं. आणि वसंत हसायला लागला. पोट धरून, वाकून, लाटेत पाय भिजताहेत याचंही भान नाही. मी त्याला चावायच्या तयारीत होते, खरंच. मग तो अगदी ताईच्या समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "माहीत हाय मला. आमची माडी फळ्यांची हाय. वर कुणी कूस बदलली तरी खाली कळतं. आज तर वरात निघाल्यासारखं ऐकू आलं. आयची शपथ ऐकली, पोह्यांचं ऐकलं, बाबांच्या टकलाचं ऐकलं." मग त्यानं माझ्याकडे बघितलं. "कानांचं पण ऐकलं. एक द्यायला मी तयार हाय. कनचा पाहिजे तेवढं सांगा."

त्या क्षणी समुद्रानं मला पोटात घेतलं असतं तर मी आभार मानले असते. पण ताई हसली. कानांपर्यंत लाल झाली आणि हसली, आणि मग आम्ही तिघंही येड्यासारखे हसत सुटलो, त्या कोळणीही काही न कळता हसायला लागल्या. परत येताना वसंत सगळी वाट उलटा चालला, ताईकडे तोंड करून. दोनदा माडाला धडकला. मी मागून "दगड! खड्डा! शेण!" असं ओरडत येत होते आणि माझ्याइतकं सुखी त्या किनाऱ्यावर कुणी नव्हतं.

पण वाटेत ताई एकदा गंभीर झाली. "तुमच्या आईला काय वाटलं?" तिनं विचारलं. वसंत उलटा चालायचा थांबला. म्हणाला, "तिचं मन खट्टू झालंय. बाबा तयार हायेत. आई बोललेली न्हाय." आणि आमच्याकडे नियम साधा होता, घरातली बाई नाही म्हणाली की नाही.

घरी पानं वाढली होती. वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या, तळलेली सुरमई, आणि पांढरा कांदा फोडून. आय अजूनही आपल्या नाटकात. ताई पाटावर बसायला निघाली तशी तिनं मला डोळ्यांनी खुणावलं, समोर बस. मी बसले. हिराकाकू वाढत होती. ती ताईच्या मागच्या बाजूनं आली आणि काहीतरी म्हणाली. मी ओठ हलवायला लागले. ताईनं माझ्याकडे बघितलं आणि फक्त ओठांनी म्हणाली, "तू गप ऱ्हा." मग ती वळली, पाटावरून उठली आणि काकूसमोर उभी राहिली.

"काकू, तुमी मागून बोललात, मना कळलं न्हाय. मना कमी ऐकू येतं. समोरून बोललात तर सगळं कळतं. आदी लपवलं त्याची माफी करा."

आयच्या हातातली भाकरी ताटात पडली. "इंदे!" एवढंच ती म्हणाली. मी तिचा चेहरा बघितला आणि मला पहिल्यांदा कळलं की तिनंही त्या दोन स्थळांचं दुःख कुठंतरी गिळून ठेवलं होतं. ती रडायच्याच बेतात होती. "माझी चूक हाय," ती काकूला म्हणाली, "पोरीची न्हाय. मीच तिला शपथ..."

"माहीत हाय," हिराकाकू म्हणाली. तिनं बिरड्याचं भांडं खाली ठेवलं. "लोकांच्या भिंतीला कान असतात, आमच्या तर डोक्यावरच्या तक्तपोशीलाबी हायेत. लगीन होऊन आले तेव्हापासून त्या माडीवर मी नवऱ्याशी भांडू शकले न्हाय, खाली सासू सगळं ऐकायची. खोटं कशाला बोलू, मघापासून माझं मन खालीवर होत होतं. आयुष्यभराचं हाय, चार लोक बोलतील, असं सगळं मनात आलं. पन तिनं माझ्या तोंडावर सांगितलं. या घरात कायच लपत न्हाय, बाई. हितं अशीच पोरगी टिकंल." मग ती ताईकडे वळली, नीट समोरून, आणि म्हणाली, "बिरडं वाढू का, ह्ये विचारत होते मी मघाशी."

"वाढा," ताई म्हणाली आणि रडायला लागली.

आयचं डोकं मात्र वेगळ्याच ठिकाणी अडकलं होतं. ती पार पांढरी पडली होती. "म्हंजी... सगळं ऐकलंत तुमी? पोह्यांचं?"

"ऐकलं," काकू म्हणाली.

"आन... दादांच्या..." आयनं नकळत स्वतःच्या डोक्याला हात लावला.

धर्माकाकांनी पडवीतून आवाज दिला, "टकलाचंबी ऐकलं, वैनी. आता टोपी काढू का? लई गरम होतंय."

पुढचं जेवण कसं झालं ते मला आठवत नाही. आय पदरात तोंड लपवून हसत होती की रडत होती ते शेवटपर्यंत कळलं नाही. बाबा चार भाकऱ्या खाऊन पुन्हा खांब बघायला गेले. जाताना शहाळी, सुपारी आणि सुकवलेले बोंबील एवढं दिलं की एसटीत माझ्या मांडीवर डोंगर झाला.

एसटीपाशी एक गोष्ट घडली ती मात्र मी पन्नासहून जास्त वर्षं डोक्यात घेऊन फिरले. गाडी सुरू झाली होती, इंजिनाचा दणका, पत्रे थडथडताहेत. ताई खिडकीशी. खाली वसंत उभा. आणि त्यानं, आयुष्यात पहिल्यांदाच, आवाज न काढता ओठ हलवून काहीतरी विचारलं. एवढं तोंड वेडंवाकडं करून की कंडक्टरनं वाकून बघितलं. मला दिसलं असतं, पण मध्ये बोंबील. ताईनं वाचलं, जराशी थांबली आणि ओठांनीच म्हणाली, "हो." मग भिवंडी येईपर्यंत हसत होती. काय विचारलं, काय विचारलं म्हणून मी तिचं डोकं खाल्लं. तिनं सांगितलं नाही. लग्नात नाही, पहिल्या बाळंतपणात नाही, आय गेली तेव्हा आम्ही दोघी तीन दिवस एका चटईवर झोपलो तेव्हाही नाही. काहीतरी फार मोठं, फार हळवं विचारलं असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. माझं स्वतःचं लग्न ठरलं तेव्हा मी वाट बघत होते, मलाही कुणी एसटीच्या खिडकीशी तसंच विचारेल म्हणून. आमचे हे खिडकीशी येऊन म्हणाले, सुट्टे आहेत का.

परवा ताईचा व्हिडिओ कॉल आला. मी आता भिवंडीजवळच काल्हेरला लेकाकडे राहते, खाली दिवसभर गोदामांचे ट्रक. अर्धा तास आम्ही बोललो, गुडघे, नातवंडं, खोबऱ्याचा भाव. माझी नात ओवी बाजूला अभ्यास करत होती. शेवटी तिनं मान वर करून विचारलं, "आजी, फोनचा आवाज बंद आहे. तू इतका वेळ काय ऐकतेस?" मी बघितलं तर खरंच बंद. आम्हा दोघींपैकी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. ताईला मी हे सांगितलं तेव्हा ती एवढी हसली की फोन हातातून पडला, आणि त्या भरात असताना मी डाव साधला. म्हटलं, आता तरी सांग, काय विचारलं होतं एसटीपाशी?

पडद्यावर तिनं मागं वळून बघितलं. भाऊजी दिसले नाहीत. मग ती ओठांनी म्हणाली, "विचारलं, पोहे खरंच खारट होते का?"

मला वाटलं मी चुकीचं वाचलं. "हेच?"

"पोहे ह्यांनी केले होते गो. सासूबाई मासळी आणायला गेल्या होत्या आन आपण लवकर पोचलो. पुरुषानं केले म्हनून सांगायचं कसं, तर सासूबाईंनी आपल्या नावावर घेतले."

"आणि तू हो म्हणालीस? तोंडावर?"

"मग? त्या दिवशी ठरलंच होतं, लपवायचं न्हाय."

तेवढ्यात भाऊजी आले. म्हातारे झालेत, कान आणखी मोठे दिसतात. ते फोनसमोरून वळसा घालून ताईच्या पुढ्यात जाऊन बसले, हातात चमच्यावर पोहे, आणि तिच्याकडे तोंड करून त्यांनी ओठ हलवले. मला ते एका बाजूनंच दिसत होते, आवाजही नव्हता, तरी इकडं काल्हेरात बसून मी नीट वाचलं.

"मीठ बघ."